'आय हॅव अ डाउट' लिहिलं आणि जुनं गिऱ्हाईक दुखावलं : इंग्रजी शब्दांचं वजन ओळखायचं कसं?

टॉवेलखातं

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टर्किश टॉवेलच्या एका कारखान्यात मी परदेशचा पत्रव्यवहार बघतो. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. रोज इंग्रजीत लिहितो आणि व्याकरण बऱ्यापैकी पक्कं आहे. तरी मागच्या आठवड्यात जे झालं ते मनातून जात नाही.

इंग्लंडमधल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने नव्या ऑर्डरीत पैसे देण्याची मुदत साठ दिवसांवरून नव्वद केली होती. हे नव्वद दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल बोटीवर चढल्यापासून, एवढंच मला विचारायचं होतं. मी लिहिलं : 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट टर्म्स. काइंडली रिव्हर्ट बाय टुमॉरो.'

दुसऱ्या दिवशी त्यांचा थेट मालकांना फोन. इतक्या वर्षांत आमचा एक तरी हप्ता चुकला का, असं त्यांनी विचारलं. मालक रागावले नाहीत. पत्र छापून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, 'यात काय लागण्यासारखं आहे ते शोध.' मला दोन दिवस सापडलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की 'डाउट' म्हणजे त्यांच्या लेखी संशय.

आपण रोज लिहितो त्यातले असे आणखी शब्द कोणते? आणि कुठला शब्द किती अदबीचा, किती कोरडा, हे कळायचं कसं? शब्दकोशात अर्थ सापडतो, पण हे सापडत नाही.

खडूफळा

दादा, मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमच्या पत्रात व्याकरणाची चूक एकही नाही, म्हणून ते तुमच्या नजरेतून सुटलं. घोळ आपल्या 'शंका' या शब्दात आहे. वर्गात मुलगा हात वर करून 'सर, एक शंका आहे' म्हणतो, तेव्हा त्याला काहीतरी विचारायचं असतं. आणि 'त्याच्या दानतीबद्दल मला शंका आहे' म्हणतो तेव्हा मनात संशय असतो. आपला एक शब्द दोन्हीकडे चालतो. 'डाउट' मात्र दुसऱ्याच बाजूचा. पहिल्या कामाला 'क्वेश्चन' हवा. 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द पेमेंट टर्म्स' एवढं पुरलं असतं. 'युवर' काढून 'द' घातला की बोट माणसाकडून कागदाकडे वळतं, तेही बघून ठेवा.

'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. भाडेपट्टा संपला की जागा मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते. 'उत्तर द्या' या अर्थाने तो भारतात आणि सिंगापुरात कचेऱ्यांमधून रुळला आहे, त्यामुळे मुंबईच्या एजंटाला लिहिलंत तर काही अडणार नाही. इंग्लंडमधला माणूस तिथे अडखळतो. त्याला 'रिप्लाय' किंवा 'लेट मी नो' लिहा.

'काइंडली'बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा शब्द आपल्याला सगळ्यात नम्र वाटतो. शाळेत आम्हीच तो तसा शिकवला. पण आजच्या इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत 'काइंडली' कानाला जुनाट लागतो, आणि पुष्कळदा कडकही. 'काइंडली रिमूव्ह युवर व्हेइकल' अशी पाटी लावणारा माणूस आधीच चिडलेला असतो. आधी डाउट, मग काइंडली, मग उद्यापर्यंतची मुदत. तिन्ही एका पत्रात आल्यावर त्यांना ती नोटीस वाटली असणार.

आता मूळ दुखणं. आपल्या सोलापुरात कुणी 'कृपया' म्हणून काही मागतं का? पाटीवर आणि रेल्वेच्या घोषणेत सोडून तो शब्द कुठे ऐकू येत नाही. आपण म्हणतो, 'द्या की ओ.' दे, दे की, द्या, द्या की, देता का, द्याल का, द्यावे ही विनंती : नुसत्या क्रियापदाच्या शेपटीवर एवढ्या पायऱ्या आहेत. आपली सगळी अदब त्या शेपटीत आणि तू-तुम्ही-आपणमध्ये असते. इंग्रजीत 'गिव्ह' हे मालकाला म्हणा नाहीतर हमालाला म्हणा, 'गिव्ह'च राहतं. आणि त्यांचा 'तू' हरवला आहे. 'दाउ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही असा फरक इंग्रजीत होता. सतराव्या शतकात 'दाउ' शिष्ट बोलण्यातून मागे पडत गेला आणि सगळेच 'तुम्ही' झाले. घरचं मांजरही 'तुम्ही' झाल्यावर त्या शब्दाला मानाचं वजन उरत नाही.

मग त्यांनी अदब ठेवली 'कुड', 'वुड', 'माइट' यांच्यात, आणि चक्क भूतकाळात. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' यात भूतकाळातलं काहीच नसतं. तो आपला 'द्याल का'. आपण 'द्या की'चं भाषांतर करतो तेव्हा 'गिव्ह' तेवढं पोचतं आणि 'की' वाटेत गळून पडतो. ती गळती भरायला आपण पुढे 'काइंडली' लावतो.

पूर्वभाग

मास्तर, हा 'की' गळण्याचा मुद्दा पटला. आमच्या घरी तेलुगू. नावापुढे 'गारू' लावलं की मान दिला. शेजारी कन्नड, तिथे 'बा'ला 'री' जोडला की 'बर्री', म्हणजे 'या'. शाळेत मराठी. तिन्हीकडे मान शब्दाच्या मागे चिकटतो. पुण्यात कंपनीत लागल्यावर इंग्रजीतही मी मागे 'सर' चिकटवत होतो, प्रत्येक वाक्याला. अमेरिकन साहेबाने हळूच सांगितलं की नावाने हाक मार, इतक्या 'सर'ने मला अवघडल्यासारखं होतं.

टॉवेलखातं दादा, तुमच्या कामाचा एक शब्द : 'पर्यंत'. 'दहा तारखेपर्यंत माल पाठवा' आणि 'दहा तारखेपर्यंत माल थांबवा' दोन्हीकडे आपण 'पर्यंत' म्हणतो. इंग्रजीत पाठवण्याला 'बाय' आणि थांबवण्याला 'अंटिल' किंवा 'टिल'. 'सेंड इट टिल टेन्थ' लिहिलं तर समोरच्याला कळत नाही की दहाच्या आत एकदा पाठवायचंय की दहापर्यंत रोज पाठवत राहायचंय. आमच्याकडे यावरून एक अख्खा दिवस वाया गेला होता.

दुसरं, 'अॅज पर'. आपल्याला तो सरळ हिशेबी शब्द वाटतो. पण 'अॅज पर माय लास्ट मेल' हे अमेरिकन ऑफिसात बऱ्याचदा 'मी आधीच सांगितलं होतं, तू वाचलं नाहीस' असं ऐकू येतं. मी आता 'अॅज आय मेन्शन्ड' लिहितो, किंवा ती माहिती सरळ पुन्हा देतो.

आणि 'ओके डिअर' कुणालाही लिहू नका. पत्राच्या सुरुवातीला नावाआधीचा 'डिअर' हा नुसता रिवाज आहे. वाक्याच्या शेवटी आला की तो घरच्या माणसाचा होतो.

अभ्यासिका_पार्कचौक

मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. पत्रलेखनात नेहमी गोंधळ होतो. रजेच्या अर्जात 'आय वॉन्ट थ्री डेज लीव्ह' लिहिलं तर क्लासमध्ये उद्धट म्हणाले. मग 'आय बेग टू स्टेट' लिहिलं तर जुनाट म्हणाले. मोठे शब्द वापरले की मान दिल्यासारखं होतं, असं एका पुस्तकात आहे. 'बिगिन'ऐवजी 'कमेन्स', 'बाय'ऐवजी 'पर्चेस', 'आस्क'ऐवजी 'इन्क्वायर'. हे खरं का, सर?

खडूफळा

ताई, अर्धं खरं आहे, आणि ते का ते समजून घ्या म्हणजे पाठांतर करावं लागणार नाही.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर तीनेकशे वर्षं दरबार, कचेरी आणि जमीनदार फ्रेंचमध्ये बोलत, पाद्री आणि पंडित लॅटिनमध्ये लिहीत, आणि शेतातला माणूस इंग्रजीत. नंतर इंग्रजी वर आली, पण ते शब्द आत राहून गेले. म्हणून एका गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द. 'आस्क' शेतातला, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून, 'इंटरॉगेट' लॅटिनमधून. तिन्हींचं मूळ 'विचारणे', पण शेवटच्यात पोलिसचौकी डोळ्यांपुढे येते. 'बिगिन' घरचा आणि 'कमेन्स' फ्रेंच, 'बाय' घरचा आणि 'पर्चेस' फ्रेंच, हेही तसंच.

हे आपल्याला परकं नाही. 'सुरू करणे', 'आरंभ करणे', 'प्रारंभ करणे' बघा. गड्ड्याच्या यात्रेत पाळणा सुरू होतो, त्याचा प्रारंभ होत नाही. पण निमंत्रणपत्रिकेत 'कार्यक्रमास प्रारंभ' शोभून दिसतो. 'परीक्षा कमेन्स होईल' हे वेळापत्रकात ठीक. मैत्रिणीला 'जेवण कधी कमेन्स करायचं' असं विचारलं तर ती बघत राहील.

आता दुसरं अर्धं. औपचारिकपणा वेगळा आणि अदब वेगळी. तुमच्या पुस्तकाने दोन्ही एकत्र बांधले आहेत. 'यू आर डायरेक्टेड टू फर्निश द डॉक्युमेंट्स फोर्थविथ' यात सगळे शब्द भारदस्त आहेत, आणि वाक्यात मायेचा लवलेश नाही. 'कुड यू सेंड मी द पेपर्स?' यात सगळे साधे शब्द आहेत आणि वाक्य पूर्ण अदबीचं आहे. कुठल्या थराचा शब्द घ्यायचा हे प्रसंगावरून ठरवा, आणि अदब 'कुड-वुड'वर सोपवा.

तुमच्या अर्जाचं : 'आय वॉन्ट' हे 'मला पाहिजे'चं भाषांतर आहे. दुकानात 'मला पाव किलो शेंगाचटणी पाहिजे' म्हणणं मराठीत मुळीच उद्धट नाही. इंग्रजीत 'आय वॉन्ट' हट्टासारखा लागतो. 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह' लिहा. सुरुवात 'डिअर सर' अशी केली तर शेवट 'युवर्स फेथफुली', नाव घेऊन 'डिअर मिस्टर अमुक' केली तर 'युवर्स सिन्सिअरली'. हा ब्रिटिश रिवाज आहे. अमेरिकन दोन्हीकडे 'सिन्सिअरली'वर भागवतात. 'युवर्स ओबीडिएंटली' आपल्या शाळांनी जपून ठेवला आहे. बाहेर तो आता कुणी लिहीत नाही.

टॉवेलखातं, तुमच्या एका वाक्याला दुरुस्ती. वजनही शब्दकोशात असतं, फक्त कोश निवडून घ्यावा लागतो. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांत शब्दापुढे 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'इंडियन इंग्लिश' अशी छोटी खूण दिलेली असते. आपण अर्थ बघतो आणि ती खूण ओलांडून जातो. इंग्रजी-मराठी कोशांत ती फारशी मिळत नाही.

कोर्टातला

मास्तरांच्या 1066 ला आमच्या बाजूने थोडी जोड देतो. इंग्लंडच्या कोर्टांतही फ्रेंच चालत होतं. 1362 मध्ये कायदा करून सांगावं लागलं की तोंडी कामकाज इंग्रजीत चालवा, कारण पक्षकारांना कळतच नव्हतं कोण काय बोलतंय. तरीही 'जज', 'बेल', 'प्लेंटिफ', 'डिफेंडंट' हे शब्द फ्रेंचचेच राहिले. आपल्याकडे बघा : वकील, फिर्याद, जामीन, दाखल, तारीख. फारसी दरबार जाऊन किती काळ लोटला, कोर्टाची भाषा तीच. अर्जावर आजही 'मे. कोर्टात' लिहितो, त्यातला 'मे.' म्हणजे मेहेरबान.

'विल अँड टेस्टामेंट' असं दोनदा का लिहितात, हे अशील विचारतात. 'विल' इंग्रजी, 'टेस्टामेंट' लॅटिन, अर्थ तोच. दोन भाषांची माणसं एका कागदावर यायची तेव्हा दोघांना कळावं म्हणून जोडी लावायची सवय पडली, असं म्हणतात. आपला 'धनदौलत' तसाच, धन संस्कृत आणि दौलत अरबी. 'कागदपत्र'ही त्याच जातीचा.

एक सावधगिरी. 'विथ रिस्पेक्ट' हे तीन वेळा विचार करून लिहा. इंग्रजी वकिलीत 'विथ रिस्पेक्ट, माय लॉर्ड' याचा अर्थ 'मला हे मान्य नाही'. 'विथ ग्रेट रिस्पेक्ट' म्हणजे मुळीच मान्य नाही. शब्द आदराचा, काम विरोधाचं. परदेशी गिऱ्हाइकाला कुणी 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' लिहून सुरुवात केली, तर पुढचं वाक्य वाचण्याआधीच तो कमरेचा पट्टा आवळतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. कामाच्या ठिकाणाचं नाव लिहीत नाही. तुमचं पत्र निस्तरता येईल, दादा. आमच्याकडचे शब्द माणसाला जन्मभर आठवतात, म्हणून थोडं लिहिते.

केसपेपरवर 'पेशंट डिनाइज फिव्हर' लिहिलेलं असतं. याचा अर्थ एवढाच की ताप आला होता का विचारलं आणि पेशंट नाही म्हणाले. एका आजोबांच्या मुलाने तो कागद वाचला आणि चिडून आला, 'माझे वडील खोटं बोलतात असं लिहिलंय तुम्ही.' बाहेरच्या इंग्रजीत 'डिनाय' म्हणजे आरोप नाकारणं, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. 'कम्प्लेन्स ऑफ चेस्ट पेन' यातही पेशंट कुणाची तक्रार करत नसतो, त्रास सांगत असतो. 'एक्स-रे अनरिमार्केबल' म्हणजे उत्तम, त्यात काही वावगं दिसलं नाही. लोक ऐकतात आणि घाबरतात.

सगळ्यात जड शब्द 'एक्स्पायर्ड'. आपल्याकडे दवाखान्यात तो सर्रास चालतो. कागदावर ठीक, पण आम्ही तो तोंडाने म्हणतो, नातेवाईकही फोनवर पुढे तसाच सांगतात. परदेशातून आलेली एक मुलगी होती, वाढलेली तिकडेच, मराठी कळायची पण बोलता येत नसे. तिच्या आजीबद्दल मी तिला इंग्रजीत सांगितलं, 'शी एक्स्पायर्ड अॅट फोर.' तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'एक्स्पायर्ड?' तिच्या लेखी औषध एक्स्पायर होतं, लायसन्स एक्स्पायर होतं. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

मराठीत मी असं कधी बोलले नसते. घरच्यांना मी 'आजी गेल्या' म्हणते. पेपरात 'दुःखद निधन' छापतात. पत्रिकेत 'कैलासवासी' येतं. कुठे काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नाही, घरात ऐकून येतं. इंग्रजीत मला एकच शब्द माहीत होता आणि तो कागदावरचा होता. आता मी 'शी पास्ड अवे' म्हणते. डॉक्टर बाईंनी सांगितलं की 'शी डाइड' हेही वाईट नाही, हळू आवाजात सरळ सांगितलं तर लोकांना तेच नीट समजतं.

खडूफळा

ताई, तुम्ही लिहिलंत त्यात सगळं आलं. 'डेमाइज' हाही आपल्याकडे शोकसंदेशात येतो, तो कागदी आणि कायद्याच्या वळणाचा आहे. घरच्या माणसाला 'आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाउट युवर मदर' एवढं लिहावं. तिथला 'सॉरी' माफीचा नसतो, दुःखाचा असतो.

हुतात्माचौक

सगळ्यांचं वाचलं. मला एक गोष्ट खटकते. आपण दीडशे वर्षांहून जास्त काळ इंग्रजी वापरतोय, तरी अजून लंडनचा माणूस काय म्हणेल हेच बघायचं का? 'डू द नीडफुल' हा त्यांचाच जुना कचेरीतला वाक्प्रयोग. त्यांनी टाकला, आपण ठेवला. 'आउट ऑफ स्टेशन'मधलं 'स्टेशन' ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातलं, साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण. तो भारताचा इतिहास आहे. आणि 'प्रीपोन' तर त्यांनी आपल्याकडून घ्यावा असा शब्द आहे. ते म्हणतात 'मूव्ह फॉरवर्ड'. बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली म्हणजे सोमवारी की शुक्रवारी? त्यांच्यातच दोन तट पडतात. 'प्रीपोन' म्हटलं की लहान पोरालाही कळतं. ऑक्सफर्डच्या कोशातही तो आला आहे.

पूर्वभाग

दादा, 'प्रीपोन'च्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. आमच्या पुण्याच्या ऑफिसात तोच चालतो आणि त्यात कुणाला कमीपणा नाही. पण रात्रपाळी ताईंची ती मुलगी आठवा. शब्द आपला की त्यांचा हा प्रश्न तिच्यासमोर नव्हताच. तिला तो लागला.

हुतात्माचौक

हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की सोलापुरातल्या बँकेला, महापालिकेला लिहिताना 'डू द नीडफुल'ला चूक म्हणून लाल शाई लावू नका. ते पत्र ज्याला जातं त्याला पूर्ण कळतं.

खडूफळा

मी वर्गात अशी लाल शाई पुष्कळ लावली. आता लावली नसती. मुलांना विचारलं असतं, पत्र कुणाला जाणार आहे?

टॉवेलखातं

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मालकांना पूर्ण धागा वाचून दाखवला. त्या गिऱ्हाइकाला नवं पत्र गेलं : 'आय अॅम सॉरी माय लास्ट मेसेज वॉज अनक्लिअर. आय ओन्ली मीन्ट टू आस्क व्हेदर द नाइन्टी डेज रन फ्रॉम द इनव्हॉइस डेट ऑर फ्रॉम शिपमेंट.' 'रिग्रेट' लिहिणार होतो. मग वाटलं की तो कंपनीने कंपनीला लिहायचा शब्द आहे, त्यात चूक कुणाची ते येत नाही, आणि चूक तर माझी होती. म्हणून 'सॉरी' ठेवला. दोन तासांत उत्तर आलं : शिपमेंटपासून. खाली 'चीअर्स' लिहिलं होतं.

त्याच पत्रात आमच्या नव्या नमुन्याबद्दल त्यांनी लिहिलंय, 'द कलर इज क्वाइट गुड.' रंगखात्यात सगळे खूश आहेत. मला आता प्रत्येक शब्दापाशी थांबायची सवय लागलीय, म्हणून विचारतो. हा 'क्वाइट' म्हणजे 'फार' ना?

पूर्वभाग

अमेरिकन असता तर हो, 'फार चांगला'. ब्रिटिश माणसाचा 'क्वाइट गुड' बहुतेक वेळा 'बरा आहे, चालेल' असा असतो.

खडूफळा

बरोबर. 'क्वाइट परफेक्ट' म्हणाले असते तर 'अगदी' असा अर्थ झाला असता. 'गुड'आधी लावला की ब्रिटिश तोंडी तो 'बऱ्यापैकी'. खूश होण्याआधी एकदा विचारून घ्या.

टॉवेलखातं

म्हणजे शेड पुन्हा जुळवावी लागणार असं दिसतंय. रंगाऱ्यांना सांगतो, पुढचा लॉट रंगाला घालू नका. आणि त्यांना हे पाठवतोय, बघा ठीक आहे का : 'थँक यू. वुड यू लाइक अस टू अॅडजस्ट द शेड बिफोर वी स्टार्ट?' 'कमेन्स' लिहिलं होतं, खोडलं.

खडूफळा

पाठवा.